परक्या नागरिकत्वाचा विक्रमवीर: हारिमोतो इसाओ यांची तेवीस वर्षांची कारकीर्द

जपानमधील व्यावसायिक बेसबॉलमध्ये कारकिर्दीतील एकूण कामगिरीचे तीन विक्रम सर्वांत मानाचे समजले जातात: सर्वाधिक होमरन (चेंडू मैदानाबाहेर टोलवणारे फटके), सर्वाधिक हिट आणि पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, नावावर जमा झालेले सर्वाधिक विजय. यांपैकी ८६८ होमरनचा विक्रम ओ सादाहारु यांच्या, ३०८५ हिटचा विक्रम हारिमोतो इसाओ यांच्या आणि ४०० विजयांचा विक्रम कानेदा मासाइची यांच्या नावावर आहे. ज्या खेळाला जपानी समाज आपला राष्ट्रीय खेळ मानतो आणि ज्यात आपल्या शिस्तीचे व चिकाटीचे प्रतिबिंब शोधतो, त्या खेळातील हे तिन्ही विक्रमवीर नागरिकत्वाच्या रूढ चौकटीत सहजासहजी बसणारे नाहीत. ओ यांचे वडील चिनी होते आणि ते स्वतः चीन प्रजासत्ताकाचे, म्हणजे तैवानच्या शासनाचे, नागरिक म्हणून खेळले. कानेदा कोरियन आईबापांच्या पोटी जन्मले आणि पुढे त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले. तर जांग हून हे कोरियन नाव असलेले हारिमोतो आपली संपूर्ण कारकीर्द कोरियन नागरिक म्हणूनच खेळले. तिघांपैकी हारिमोतो यांची कारकीर्द सर्वांत कमी सांगितली जाते, आणि जपानी बेसबॉलने गुणवत्तेला कशी वाट करून दिली व ती वाट कोठे संपली, हे तिच्यातूनच सर्वांत स्पष्ट दिसते.

हिट, सरासरी आणि आउटफील्डर

बेसबॉलमध्ये मैदानावर उतरणाऱ्या नऊ खेळाडूंपैकी तिघे मैदानाच्या दूरच्या, गवताळ भागाची राखण करतात. त्यांना आउटफील्डर म्हणतात आणि त्यांच्या जागा डावी, मधली व उजवी अशा ओळखल्या जातात. हारिमोतो प्रामुख्याने डाव्या बाजूचे आउटफील्डर होते. परंतु त्यांची ख्याती क्षेत्ररक्षणासाठी नव्हे, तर फलंदाजीसाठी होती. फलंदाजाने चेंडू टोलवला आणि क्षेत्ररक्षकाची चूक न होता तो सुरक्षितपणे बेसवर, म्हणजे धावण्याच्या मार्गावरील ठरावीक थांब्यावर, पोहोचला की त्याच्या खाती एक हिट जमा होते. एकूण हिटना फलंदाजीच्या अधिकृत संधींनी भागले की सरासरी मिळते. पिचरने चार चेंडू योग्य पट्ट्याबाहेर टाकल्यामुळे फलंदाजाला फुकट पहिला बेस मिळाला, तर ती संधी या हिशेबात धरली जात नाही. क्रिकेटमध्ये पन्नासच्या सरासरीची सवय असलेल्या वाचकाला हे आकडे खुजे वाटण्याचा संभव आहे; मात्र बेसबॉलमध्ये दहांपैकी तीन संधी साधणारा फलंदाज उत्तम ठरतो आणि जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये नियमित खेळणाऱ्या कोणालाही पूर्ण मोसमात ०.४०० ची सरासरी गाठता आलेली नाही. या पार्श्वभूमीवर हारिमोतो यांची १९५९ ते १९८१ या २३ मोसमांतील २७५२ सामन्यांची आणि ९६६६ संधींची सरासरी ०.३१९ आहे. त्यांनी ५०४ होमरन मारले आणि ३१९ वेळा बेस चोरला, म्हणजे पिचर व क्षेत्ररक्षकांची नजर चुकवून पुढचा बेस गाठला. तीन हजार हिट, पाचशे होमरन आणि तीनशे चोरलेले बेस हे तिन्ही टप्पे ओलांडणारा दुसरा फलंदाज जपानमध्ये झालेला नाही. होमरनवीर सहसा चेंडू हुकवण्याचा धोका पत्करून ताकदीने बॅट फिरवतो आणि हिट जमवणारा सहसा बेताने टोलवतो. हे दोन्ही गुण आणि जोडीला वेग एकाच खेळाडूत दीर्घकाळ टिकणे फार दुर्मीळ आहे.

हिरोशिमा: जन्म, आग आणि बॉम्ब

हारिमोतो यांचा जन्म १९ जून १९४० रोजी हिरोशिमात झाला. कोरिया १९१० पासून जपानची वसाहत होती आणि दक्षिणेकडील ग्योंगसांग प्रांतातून जपानमध्ये आलेल्या असंख्य कुटुंबांपैकी त्यांचे एक होते. त्या वेळच्या कायद्यानुसार कोरियन माणूस जपानी साम्राज्याचा प्रजाजन मानला जात असल्यामुळे हारिमोतो जन्माने परके नव्हते. १९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा जपानमध्ये सुमारे वीस लाख कोरियन होते; त्यांतील बहुसंख्य मायदेशी परतले आणि सुमारे सहा लाख मागे राहिले. सॅन फ्रान्सिस्को शांतता करार १९५२ मध्ये अमलात आला, तेव्हा या मागे राहिलेल्यांचे जपानी नागरिकत्व संपुष्टात आले आणि वयाच्या अकराव्या वर्षी, गाव न सोडता, हारिमोतो जन्मभूमीतच परदेशी ठरले. जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या या समाजाला ‘झाइनिची’ म्हटले जाते.

त्याआधीच दोन आघात झाले होते. वयाच्या चौथ्या वर्षी, हिवाळ्यात शेकोटीजवळ बसलेले असताना, मागे येणाऱ्या वाहनाचा धक्का बसून ते आगीत पडले आणि त्यांचा उजवा हात भाजला. अनामिका व करंगळी एकमेकींना चिकटून गेल्या आणि उरलेल्या बोटांच्या हालचालीलाही कायमची मर्यादा आली. त्यानंतर ६ ऑगस्ट १९४५ रोजी शहरावर अणुबॉम्ब पडला. हारिमोतो कुटुंब राहत असलेला दानबारा हा भाग स्फोटकेंद्रापासून दोन किलोमीटरहून अधिक अंतरावर हिजियामा टेकडीच्या आडोशाला होता, त्यामुळे उष्णतेची थेट झळ घरापर्यंत पोहोचली नाही. घर कोसळत असताना आईने मुलांना अंगाखाली झाकून घेतले आणि पाच वर्षांचे इसाओ वाचले. घराबाहेर असलेली थोरली बहीण मात्र गंभीर भाजली आणि त्यातच तिचा अंत झाला. जपानी शासन अणुबॉम्बग्रस्तांना, म्हणजे ‘हिबाकुशां’ना, वैद्यकीय सवलतींसाठी जी ओळखपुस्तिका देते ती हारिमोतो यांच्याकडे आहे. या शहरात मरण पावलेल्या कोरियन लोकांचे स्मारक १९७० मध्ये उभारले गेले ते शांतता उद्यानाच्या बाहेर, आणि ते उद्यानाच्या आत आणण्यास १९९९ साल उजाडावे लागले. एकाच दिवशी एकाच शहरात गेलेल्या माणसांच्या स्मरणातही नागरिकत्वाची रेघ ओढली गेली होती.

जायबंदी हात आणि घडवलेली फलंदाजी

उजवा हात निकामी झाल्यामुळे हारिमोतो डाव्या हाताने लिहू, फेकू आणि खेळू लागले. याचा बेसबॉलमधील परिणाम समजून घेण्यासारखा आहे. डावखुरा खेळाडू चेंडू डाव्या हाताने फेकतो, म्हणून झेल घेण्याचा हातमोजा त्याला उजव्या हातात घालावा लागतो; फलंदाजी करताना त्याचा उजवा हात बॅटच्या मुठीच्या टोकाशी, खालच्या बाजूला असतो आणि तेथील पकड मुख्यतः अनामिका व करंगळी यांवर टिकते. म्हणजे डावखुरे होऊनही जायबंदी हाताची सुटका झाली नाही. झेलण्याचे काम त्याच हाताला आले आणि बॅट पेलण्यातही त्याचा वाटा राहिला. क्षेत्ररक्षणात ते कायम उणे मानले गेले, त्यामागे हे शारीरिक कारण होते. तो हात त्यांनी वर्षानुवर्षे सहकाऱ्यांनाही दाखवला नाही.

फलंदाजीत मात्र याच मर्यादेतून एक वेगळे तंत्र उभे राहिले. तोएई फ्लायर्स या त्यांच्या पहिल्या संघातील प्रशिक्षक मात्सुकी केंजिरो यांनी त्यांच्याकडून कसून सराव करून घेतला, आणि रात्री एकट्याने शेकडो वेळा बॅट फिरवण्याचा रिवाज हारिमोतो यांनी कारकीर्दभर पाळला. डावखुऱ्या फलंदाजाचा नैसर्गिक कल चेंडू उजवीकडे ओढून मारण्याकडे असतो आणि प्रतिस्पर्धी संघ त्यानुसार क्षेत्ररक्षक हलवतात; हारिमोतो चेंडूच्या रोखानुसार डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे सारख्याच सहजतेने हिट मारत असल्यामुळे त्यांच्यासाठी क्षेत्ररक्षण रचणे अवघड होई. या शैलीला जपानी समीक्षकांनी रुंद कोनाची फलंदाजी म्हटले आणि तिच्या सातत्यावरून त्यांना ‘हिट बनवणारे यंत्र’ असे टोपणनाव मिळाले. हे टोपणनाव गौरवाचे असले तरी काहीसे फसवे आहे, कारण यंत्राचे सर्व भाग धड असतात आणि येथे मुख्य भागच सदोष होता.

शाळा, नियम आणि आईचा नकार

वडील लवकर गेल्यानंतर आईने छोटे खाद्यगृह चालवून संसार सांभाळला आणि टॅक्सी चालवणाऱ्या थोरल्या भावाने आपल्या तुटपुंज्या पगारातून धाकट्याच्या शिक्षणासाठी पैसे पाठवले. त्या बळावर हारिमोतो ओसाकातील नानिवा कमर्शियल या बेसबॉलसाठी नावाजलेल्या हायस्कूलमध्ये दाखल झाले. जपानमधील शालेय खेळाडूचे सर्वोच्च स्वप्न म्हणजे कोशिएन मैदानावरील राष्ट्रीय स्पर्धा. परंतु शिस्तभंगाच्या कारवाईमुळे ते त्यांना दुरावले. १९५८ मध्ये जपानमधील कोरियन विद्यार्थ्यांच्या संघातून त्यांनी कोरियाचा दौरा केला आणि आईबापांचा देश प्रथमच पाहिला. शालेय खेळात नागरिकत्वाची आडकाठी किती थेट असे, याचे उदाहरण ओ सादाहारु यांच्या बाबतीत आढळते: १९५७ मध्ये कोशिएनची वसंत स्पर्धा जिंकून देणाऱ्या या पिचरला, जपानी नागरिक नसल्याच्या कारणावरून, त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात उतरू दिले गेले नाही.

तोएई चित्रपट कंपनीच्या मालकीच्या फ्लायर्स संघाने हारिमोतो यांना करारबद्ध केले तेव्हा हाच प्रश्न व्यावसायिक पातळीवर उभा राहिला. प्रत्येक संघात परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित होती आणि तोएईच्या परदेशी जागा भरलेल्या होत्या. हारिमोतो यांनी पुढे अनेकदा सांगितलेल्या हकिकतीनुसार, संघाच्या बाजूने जपानी नागरिकत्व घेण्याची सूचना आली आणि ती त्यांच्या आईने ठामपणे फेटाळली; मायदेश सोडण्यापेक्षा बेसबॉल सोडावा, अशी तिची भूमिका होती. तोएईचे मालक ओकावा हिरोशी यांनी तेव्हा खेळाडूऐवजी नियम बदलण्याचा मार्ग धरला आणि युद्ध संपण्यापूर्वी जपानमध्ये जन्मलेल्यांना परदेशी खेळाडूंच्या मर्यादेतून वगळण्याची तरतूद झाली. ही तरतूद खेळापुरती होती. मैदानाबाहेर हारिमोतो परदेशीच राहिले आणि मैदानावर प्रेक्षकांकडून व प्रतिस्पर्ध्यांकडून वांशिक शिवीगाळ ऐकत राहिले.

पॅसिफिक लीगमधील सतरा मोसम

१९५९ च्या पहिल्याच मोसमात हारिमोतो सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरले. १९६१ मध्ये त्यांनी प्रथम फलंदाजीचे विजेतेपद, म्हणजे लीगमधील सर्वोच्च सरासरीचा मान, मिळवला. १९६२ मध्ये मिझुहारा शिगेरु यांच्या व्यवस्थापनाखाली तोएईने पॅसिफिक लीग जिंकली, हारिमोतो लीगचे सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले आणि अंतिम मालिकेत हानशिन टायगर्सला हरवून संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. तोएई या नावाने मिळालेले ते एकमेव विजेतेपद होते. मालकी व नाव बदलत गेलेल्या या संघाला त्यानंतर पुन्हा राष्ट्रीय विजेता होण्यास २००६ पर्यंत थांबावे लागले. १९६७ ते १९७० अशी सलग चार वर्षे आणि पुढे १९७२ व १९७४ मध्ये हारिमोतो फलंदाजीचे विजेते ठरले. एकूण सात विजेतेपदांच्या या विक्रमाची बरोबरी सुझुकी इचिरो यांनी केली, ती २००० मध्ये. १९७० मध्ये हारिमोतो यांनी नोंदवलेल्या ०.३८३ च्या सरासरीने, त्याच संघाच्या पूर्वावतारात ओशिता हिरोशी यांनी १९५१ मध्ये केलेला विक्रम अगदी निसटत्या फरकाने मागे टाकला आणि १९८६ मध्ये अमेरिकन फलंदाज रँडी बास यांनी ०.३८९ गाठेपर्यंत तो टिकला.

इतक्या कामगिरीनंतरही राष्ट्रीय कीर्ती मर्यादितच राहिली, याचे कारण जपानी बेसबॉलच्या रचनेत सापडते. १९५० पासून हा खेळ सेंट्रल व पॅसिफिक अशा दोन लीगमध्ये विभागलेला आहे. सेंट्रल लीगमधील योमिउरी जायंट्सच्या मागे देशातील एक बडे वृत्तपत्र आणि त्याची दूरचित्रवाहिनी होती, त्यामुळे त्यांचे सामने घरोघरी पाहिले जात. १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदे जिंकून या संघाने लोकप्रियता जवळपास एकहाती व्यापली होती. पॅसिफिक लीगचे सामने बहुधा रिकाम्या बाकांपुढे होत आणि १९६९ ते १९७१ दरम्यान उघडकीस आलेल्या सामनेनिश्चितीच्या प्रकरणाने तिच्या प्रतिष्ठेला आणखी धक्का बसला; त्यात तोएईच्याच एका पिचरवर आजन्म बंदी आली. हारिमोतो यांचे सर्वोत्तम मोसम नेमके याच काळातले आहेत.

जायंट्समध्ये, ओ यांच्यासोबत

१९७५ मध्ये जायंट्स संघ आपल्या इतिहासात प्रथमच तळाला गेला आणि व्यवस्थापक नागाशिमा शिगेओ यांना अनुभवी फलंदाजाची गरज भासली. १९७६ च्या मोसमासाठी दोन खेळाडूंच्या बदल्यात हारिमोतो जायंट्समध्ये आले. ओ आणि हारिमोतो यांचा जन्म एकाच वर्षाचा, दोघांचे व्यावसायिक पदार्पणही १९५९ चे. देशातील सर्वांत लोकप्रिय, आणि शुद्ध जपानी खेळाडूंचा संघ म्हणवून घेण्यात धन्यता मानणाऱ्या संघाच्या फलंदाजीचा कणा आता हे दोन परदेशी नागरिक झाले. तळाला असलेला संघ पुढच्याच वर्षी सेंट्रल लीगचा विजेता झाला आणि १९७७ मध्ये त्याने ते यश पुन्हा मिळवले. दोन्ही वर्षी अंतिम मालिकेत मात्र हानक्यू ब्रेव्हजकडून तो हरला.

१९७६ चा मोसम आणखी एका कारणाने अभ्यासकांच्या लक्षात राहिला आहे. नव्या लीगमधील अनोळखी पिचरांपुढे हारिमोतो यांनी १८२ हिट मारल्या, परंतु चुनिची ड्रॅगन्सचे याझावा केनइची यांनी ०.३५४८ अशीच सरासरी राखली आणि पुढच्या दशांश स्थानांपर्यंत गणित केल्यावर हारिमोतो सुमारे ०.००००६ इतक्या फरकाने मागे पडले. आणखी एक हिट पडली असती तर आठवे विजेतेपद आणि दोन्ही लीगमध्ये विजेता ठरण्याचा मान त्यांना मिळाला असता. ३ सप्टेंबर १९७७ रोजी ओ यांनी ७५६ वा होमरन मारून अमेरिकेच्या हँक आरन यांना मागे टाकले आणि जपान शासनाने त्यांच्यासाठी राष्ट्रीय सन्मान पुरस्कार नव्याने सुरू केला. हा पुरस्कार हारिमोतो यांच्या वाट्याला आला नाही.

वय वाढल्यावर १९८० मध्ये त्यांना लोत्ते ओरायन्स संघाकडे सोपवण्यात आले. २८ मे १९८० रोजी कावासाकी मैदानावर हानक्यूचे पिचर यामागुची ताकाशी यांच्या चेंडूवर होमरन मारून त्यांनी आपली तीन हजारावी हिट पूर्ण केली. १९८१ च्या मोसमानंतर ते निवृत्त झाले आणि १९९० मध्ये त्यांचा जपानी बेसबॉलच्या सन्मानदालनात समावेश झाला.

सोल आणि दूरचित्रवाणी

दक्षिण कोरियात १९८२ मध्ये सहा संघांची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा हारिमोतो तिच्या आयुक्तांचे विशेष सल्लागार झाले आणि जपानमधील कोरियन खेळाडूंना तिकडे नेण्यात त्यांनी पुढाकार घेतला. या देवाणघेवाणीचे मोल पहिल्याच वर्षांत दिसले. १९६२ मध्ये कोरियातून तोएईत आलेले आणि हारिमोतो यांचे सहकारी राहिलेले पेक इन-चन यांनी मायदेशी परतून १९८२ मध्ये ०.४१२ ची सरासरी नोंदवली, आणि जपानमध्ये वाढलेले पिचर जांग म्योंग-बु यांनी १९८३ मध्ये एकाच मोसमात ३० विजय मिळवले. मात्र जपानमधून आलेल्या कोरियनांकडे तेथेही पुष्कळदा अर्धवट जपानी म्हणूनच पाहिले जाई.

जपानच्या नव्या पिढीला हारिमोतो ओळखीचे झाले ते रविवार सकाळच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील परखड समीक्षक म्हणून. २०२१ अखेरपर्यंत ते या कार्यक्रमात खेळाडूंना शाबासकी किंवा दटावणी देत राहिले. जुन्या वळणाच्या मतांमुळे त्यांच्यावर टीकाही होत असे. २०२१ मध्ये स्त्रियांच्या मुष्टियुद्धाविषयी केलेल्या शेऱ्यावर जपानच्या मुष्टियुद्ध महासंघाने आक्षेप घेतला आणि त्यांना माफी मागावी लागली. स्वतः वगळणुकीचा अनुभव घेतलेला माणूस इतरांच्या वगळणुकीबाबत आपोआप संवेदनशील होतोच असे नाही, हे यातून दिसते. दुसरीकडे, अनेक दशके टाळलेला हिरोशिमाचा विषय त्यांनी उतारवयात जाहीरपणे मांडण्यास सुरुवात केली आणि बहिणीच्या मृत्यूविषयी ते मुलांपुढेही बोलू लागले.

विक्रमाचे वजन

एप्रिल २००९ मध्ये इचिरो यांनी जपान व अमेरिका या दोन्ही देशांतील हिटची बेरीज ३०८६ वर नेली, तेव्हा सिॲटलच्या मैदानात हारिमोतो उपस्थित होते. निव्वळ जपानमधील हिटचा विचार केला तर इचिरो यांच्या नावावर १२७८ जमा आहेत, कारण ते २००१ च्या मोसमापासून अमेरिकेत खेळू लागले. जपानमधील यादीत हारिमोतो यांच्या खालोखाल नोमुरा कात्सुया यांच्या २९०१ आणि ओ यांच्या २७८६ हिट आहेत. असामान्य फलंदाज ऐन उमेदीत अमेरिकेला जात असल्यामुळे ३०८५ चा आकडा ओलांडला जाण्याची शक्यता दर पिढीत कमी होत आहे.

या आकड्याचा सामाजिक अर्थ लावताना समकालीन उदाहरणे शेजारी ठेवावी लागतात. युद्धोत्तर जपानचा सर्वांत लाडका कुस्तीगीर रिकिदोझान कोरियात जन्मला होता आणि १९६३ मधील मृत्यूपर्यंत त्याने ते जाहीर होऊ दिले नाही. कानेदा यांनी नागरिकत्व बदलले. हारिमोतो यांनी जपानी नावाने खेळूनही आपले कोरियनपण लपवले नाही. तिसरा मार्ग त्यांना शक्य झाला, कारण एका संघमालकाला त्यांची फलंदाजी हवी होती आणि त्यासाठी नियमात बदल करवून घेण्याची ताकद त्याच्याकडे होती. ज्यांच्याकडे अशी विकाऊ असामान्यता नव्हती, त्यांच्यासाठी नियम हलले नाहीत. १९७० मध्ये, म्हणजे हारिमोतो यांनी ०.३८३ ची सरासरी नोंदवली त्याच वर्षी, हिताची कंपनीने एका झाइनिची तरुणाला दिलेली नोकरी तो कोरियन असल्याचे कळल्यावर रद्द केली. त्या तरुणाने दाद मागितली आणि १९७४ मध्ये, हारिमोतो सातव्यांदा फलंदाजीचे विजेते ठरले त्या वर्षी, योकोहामा जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. झाइनिची समाजाच्या हक्कांची पुढील चळवळ या निकालाला आपला प्रारंभ मानते. हारिमोतो यांच्या बॅटने कोरियन माणसाविषयी जपानी प्रेक्षकांच्या मनात आदर निर्माण केला, ही गोष्ट मोठीच आहे. परंतु सामान्य कारकुनाला किंवा कामगाराला नोकरीचा हक्क मिळवून देण्यासाठी प्रेक्षकांचा आदर अपुरा होता आणि तेथे कायद्याचाच आधार घ्यावा लागला.